समाजशास्त्राचे संदर्भ शोधताना : धनगरांच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा. एम.ए. समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला बाहेरून बसलेल्या, बीड जिल्ह्यातल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे की समाजशास्त्र आणि मानवशास्त्र यांच्या अभ्यासासाठी कोणती संदर्भसाधनं वापरावीत, मराठीत काही आहे का, आणि फुकट काय मिळतं. प्रकल्पासाठी तिने धनगर समाज निवडला आहे. कोणीतरी मोबाइलवर पीडीएफचा ढीग पाठवला आहे आणि त्यात कुठून सुरुवात करावी ते सुचत नाही.

तुमचा विषय ठरला आहे हे फार बरं झालं. नुसतं ‘समाजशास्त्राची संदर्भपुस्तकं सांगा’ असं कोणी विचारलं तर मी सहसा टाळतो, कारण विषय हातात नसताना मिळालेली यादी वहीतच राहते. धनगर म्हटलं की लगेच कामाला लागता येतं. म्हणून हे उत्तर तुमचाच विषय धरून देतो. दुसरा कोणी कोळी, कैकाडी किंवा गिरणी कामगार घेऊन बसला असेल तर ग्रंथांची नावं बदलतील, शोधायची रीत तीच राहील.

आधी ती रीत. प्रत्येक संदर्भग्रंथ कोणीतरी, कोणासाठी तरी, काहीतरी कामासाठी तयार केलेला असतो. शेतसाऱ्याची आणि बंदोबस्ताची सोय व्हावी म्हणून इंग्रज सरकारने गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्याचा माहितीग्रंथ, लिहून घेतलं. आरक्षणाची अंमलबजावणी करायची म्हणून अनुसूचित जाती-जमातींची यादी झाली. संशोधकाने स्वतःचा सिद्धान्त तपासायला पुस्तक लिहिलं. त्यामुळे एकाच ग्रंथातून उतरवून काढू नका. चार साधनं शेजारी शेजारी ठेवा आणि ती एकमेकांशी कुठे जुळत नाहीत ते बघा. प्रकल्पाचा खरा प्रश्न बहुतेक वेळा त्या न जुळणाऱ्या जागीच सापडतो. पीडीएफचा ढीग सध्या आहे तिथे असू द्या.

संकल्पनांचं काम पटकन उरकता येतं. अंतर्विवाह (आपल्याच गटात लग्न), कूळ, देवक, नातेव्यवस्था, जात आणि जमात हे शब्द आपण रोज वापरतो, पण शास्त्रात ते नेमके कुठे थांबतात हे माहीत नसतं. त्यासाठी वाईहून निघालेला मराठी विश्वकोश आहे. तो आता संकेतस्थळावर पूर्ण वाचता येतो, आणि समाजशास्त्र-मानवशास्त्रावरच्या त्यातल्या नोंदी चांगल्या हातांनी लिहिलेल्या आहेत. स. मा. गर्गे यांनी संपादित केलेला भारतीय समाजविज्ञान कोश सहा खंडांचा आहे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या जुन्या महाविद्यालयात तो असतो, बहुधा कपाटात कुलूप लावून ठेवलेला. कुलूप काढून घ्या. महादेवशास्त्री जोशी यांचा भारतीय संस्कृतिकोश सणवार, दैवतं, विधी यांसाठी. केतकरांचा ज्ञानकोश या कामाला जुना पडला आहे, पण लक्षात ठेवा, ज्ञानकोशकार होण्याआधी केतकर अमेरिकेत कॉर्नेलला जातीच्या इतिहासावर प्रबंध लिहून आले होते आणि तो १९०९ साली छापला गेला. इंग्रजी चालत असेल तर मानवशास्त्राचा ‘ओपन एन्सायक्लोपीडिया ऑफ अँथ्रोपॉलॉजी’ फुकट आहे. पूर्वी तो केंब्रिजच्या नावाने ओळखला जाई. त्यातली एकेक नोंद म्हणजे एक छोटा लेखच असतो. अकरावी-बारावीची एनसीईआरटीची समाजशास्त्राची पुस्तकं पाहून नाक मुरडू नका. भारतीय समाजावरची इतकी स्वच्छ मांडणी पुष्कळ पदवीच्या पुस्तकांत नाही.

कोशातली नोंद वाचताना दोन गोष्टी बघायची सवय लावा. ती कोणत्या साली लिहिली आणि शेवटी संदर्भ कोणते दिलेत. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा आहे. त्यातली जमातींची आकडेवारी आजची म्हणून प्रकल्पात घालाल तर परीक्षक पहिल्याच पानावर थांबतील. संदर्भांची नावं मात्र उतरवून घ्या, पुढची वाट तीच दाखवतात.

आता गाभ्याचं. ‘धनगर’ या नावाखाली कोणी काय लिहून ठेवलंय?

इथे मराठी विद्यार्थी एक गोष्ट हमखास विसरतो. १९६० पूर्वी महाराष्ट्र नव्हता. आजचा महाराष्ट्र तीन वेगवेगळ्या कारभारांतून आला, आणि प्रत्येक कारभाराने आपली माहिती आपापल्या पद्धतीने गोळा केली. मुंबई इलाख्यासाठी आर. ई. एन्थोव्हेन यांचा ‘द ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ बॉम्बे’, १९२० ते १९२२ या काळात तीन खंडांत आलेला. विदर्भासाठी रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतावरचा चार खंडांचा ग्रंथ, १९१६. आणि तुमचा बीड जिल्हा तर निजामाच्या राज्यात. त्यासाठी सय्यद सिराज उल हसन यांचा १९२० चा ग्रंथ बघावा लागतो. बीडच्या धनगरांवर लिहिताना एन्थोव्हेन उघडून बसलेले विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत. एन्थोव्हेन यांच्या हद्दीत बीड नव्हतंच. हे तिन्ही ग्रंथ आर्काइव्ह डॉट ऑर्गवर उतरवून घेता येतात, त्यांचे हक्क कधीच संपले आहेत.

तिन्ही शेजारी ठेवल्यावर पहिली गंमत दिसते ती हटकरांची. रसेल-हिरालाल यांच्याकडे धनगरांची नोंद वेगळी आणि हटकरांची वेगळी; एन्थोव्हेन हटकरांना धनगरांच्या पोटभेदांत घालतात. मग हटकर ही स्वतंत्र जात की पोटजात? उत्तर शोधायची घाई करू नका. विचारायचं ते हे की कोणत्या प्रदेशात, कोणत्या काळी, कोणी विचारल्यावर माणसांनी स्वतःला काय सांगितलं. जनगणनेचा कारकून दारात उभा असताना दिलेलं नाव आणि सोयरीक जुळवताना सांगितलेलं नाव एकच असेल असं नाही. बीडच्या वाडीवर जाऊन आज हाच प्रश्न विचारा, मग लिहायला काही कमी पडणार नाही.

या ग्रंथांमागची यंत्रणा समजून घ्या. १९०१ मध्ये त्या वेळचे जनगणना आयुक्त रिझली यांच्या पुढाकाराने देशभर वांशिक पाहणी मंजूर झाली. रिझली नाकाच्या मापावरून वंश आणि जातीचा दर्जा यांचा मेळ घालू पाहत होते, आणि ती मापं घेण्याची लाट त्या काळच्या सगळ्या ग्रंथांत शिरली. एन्थोव्हेन स्वतः मुलकी खात्यातले अधिकारी. त्यांना माहिती पुरवणारे मामलेदार, शिक्षक, कारकून बहुतेक वरच्या जातींतले. त्यामुळे या ग्रंथांतलं प्रत्येक पान दोन चाळणींतून काढायचं. कुणी डोळ्यांनी पाहून लिहिलेलं आहे, म्हणजे घोंगडी कशी विणतात, लग्नात देज (मुलीच्या बापाला द्यायची रक्कम) किती, कोणत्या देवाला काय वाहतात, ते ठेवा. ‘कष्टाळू पण मंद’, ‘काटकसरी’, ‘अस्वच्छ’ असे सबंध जातीला लावलेले शेरे आले की समजा, इथे लिहिणारा बोलतो आहे. तेही टिपून घ्या, पण वेगळ्या रकान्यात. हे शेरे निरुपद्रवी नव्हते. सबंध जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा अशाच लेखणीतून उभा राहिला, आणि तो रद्द व्हायला १९५२ साल उजाडावं लागलं. पारधी, बेरड किंवा कैकाडी यांच्यावर काम करणाऱ्याने तर वसाहतकाळातली नोंद वाचण्यापूर्वी हा कायदा वाचावा.

कॅम्पबेल यांनी संपादित केलेली मुंबई इलाख्याची गॅझेटियरं १८७७ पासून निघू लागली. पुण्याचा अठरावा खंड तीन भागांत १८८५ मध्ये आला. धनगरांचं घर, पोशाख, विधी यांचं वर्णन एन्थोव्हेन यांच्या पूर्वीचं तिथे मिळतं. पुष्कळदा नंतरच्या ग्रंथाने ते जसंच्या तसं उचललेलं असतं. म्हणजे ‘दोन ग्रंथांत सारखी माहिती आहे, म्हणून ती खरी’ असं धरून चालू नका. एकाने दुसऱ्याचं उतरवलेलं असलं तर साक्षीदार एकच.

स्वातंत्र्यानंतरचा या परंपरेतला मोठा उद्योग म्हणजे भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षणाचा ‘पीपल ऑफ इंडिया’ प्रकल्प. के. एस. सिंग यांच्या नेतृत्वाखाली तो १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्यात ४,६३५ समुदायांची नोंद झाली. महाराष्ट्राचे भाग २००४ च्या सुमारास आले. प्रत्येक समुदायाला सारखीच प्रश्नावली लावल्यामुळे तुलना करायला तो सोयीचा आहे. खोलात शिरायला मात्र नाही. सुरुवातीच्या चार ओळी त्यातून घ्या आणि पुढे चला.

आकड्यांकडे वळू. महाराष्ट्रात धनगर किती, हा प्रश्न तुम्हाला तोंडी परीक्षेत नक्की येणार. सर्व जातींची मोजदाद करून आकडे छापलेली शेवटची जनगणना १९३१ ची. १९५१ पासून जनगणनेने फक्त अनुसूचित जाती आणि जमाती मोजल्या. धनगर महाराष्ट्रात भटक्या जमाती (क) या प्रवर्गात आहेत, म्हणजे त्या दोन्ही अनुसूचींच्या बाहेर. त्यामुळे भाषणात ऐकू येणारा कोणताही ताजा आकडा हा कोणाचा तरी अंदाज असतो. काही जण प्रवर्गाला मिळालेलं ३.५ टक्के आरक्षण हीच लोकसंख्येची टक्केवारी समजतात. तसं काही नाही. येत्या जनगणनेत जातींची मोजदाद करायचं केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केलं. तो आकडा येईपर्यंत ‘१९३१ नंतर विश्वसनीय गणना नाही’ एवढंच लिहा. परीक्षकाला हे वाक्य आवडतं.

मग आकडे अजिबात नाहीत का? आहेत, पण माणसांऐवजी मेंढ्यांचे. पशुगणना १९१९ पासून होत आली आहे. विसावी २०१९ ची. जिल्हावार मेंढ्यांची संख्या घ्या आणि आधीच्या दोन-तीन गणनांशी ताडून बघा. मेंढपाळी कुठे टिकली आणि कुठे आटली याचा अंदाज कोणत्याही समाजशास्त्रीय सर्वेक्षणापेक्षा इथे चांगला येतो. समाजशास्त्राचे विद्यार्थी पशुसंवर्धन खात्याच्या कचेरीत जात नाहीत, म्हणून तिथला माणूस तुम्हाला चहा देऊन माहिती देईल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी मात्र तुमच्या फारशी उपयोगाची नाही. मुंबईत देवनारला असलेल्या लोकसंख्या विज्ञान संस्थेतर्फे ती होते, १९९२-९३ पासून होत आली आहे, आणि लग्नाचं वय, बालमृत्यू, शिक्षण यांवर ती अव्वल आहे. पण ती अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास अशा प्रवर्गांवर थांबते. जुन्या जनगणनेचे अहवाल जनगणना आयुक्तांच्या संकेतस्थळावर आहेत. तिथेच १९६१ च्या जनगणनेतले गावनिहाय पाहणी अहवालही शोधा. महाराष्ट्रातल्या निवडक गावांवर तेव्हा स्वतंत्र पुस्तिका निघाल्या, आणि आता त्या फारशा कोणी उघडत नाही.

याद्यांबद्दलही दोन शब्द, कारण धनगर म्हटलं की हा विषय टळत नाही. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ‘ओरांव, धनगड’ अशी नोंद आहे. ती आपलीच, असं धनगर संघटनांचं म्हणणं आहे. आदिवासी संघटनांचा त्याला विरोध आहे. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये या मागणीच्या याचिका फेटाळल्या. गोव्यात गावडा, कुणबी, वेळीप यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला आणि धनगर-गवळी बाहेर राहिले, त्यांची मागणी अजून चालू आहे. तुमचा प्रकल्प या वादाचा निकाल लावण्यासाठी नाही. पण दोन्ही बाजू पुरावा म्हणून कोणते ग्रंथ पुढे करतात ते जरूर बघा. तुम्ही नुकतेच वाचलेले एन्थोव्हेन आणि रसेल तिथे वकिलांच्या हातात दिसतील. ज्या समाजाला या ग्रंथांनी तुच्छ लेखलं तोच समाज शंभर वर्षांनी त्यांची पानं न्यायालयात दाखल करतो, हे समाजशास्त्राला पुरेल एवढं खाद्य आहे.

आता खोलीचं वाचन, आणि इथे वेळ घालवा. जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाचे गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांबरोबर, त्यांच्या वाड्यांवर आणि यात्रांत, वर्षानुवर्षं काम केलं. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांवरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ चा. इंग्रजी अवतार ‘पास्टोरल डेइटीज इन वेस्टर्न इंडिया’ १९८९ चा. धनगरांच्या तोंडच्या ओव्या आणि कथा हा त्यांच्या कामाचा कणा. गॅझेटियरमध्ये धनगरांचा देव म्हणून एका ओळीत येणारा बिरोबा इथे चरण्याच्या वाटा, पाण्याच्या जागा आणि शेतकरी वस्तीशी असलेलं नातं घेऊन उभा राहतो. त्याच्या जोडीला रा. चिं. ढेरे यांचं खंडोबावरचं लेखन मराठीतच मिळतं. सोन्थायमर आणि ढेरे एकमेकांचं काम जाणत होते, आणि दोघांना एकत्र वाचलं की लिखित परंपरा आणि मौखिक परंपरा कुठे मिळतात ते कळतं.

दुसरं टोक पर्यावरणाचं. माधव गाडगीळ आणि के. सी. मल्होत्रा यांनी गवळी धनगरांवर १९८२ मध्ये ‘ह्यूमन इकॉलॉजी’ या नियतकालिकात लेख लिहिला. हे धनगर मेंढ्या पाळत नाहीत. सह्याद्रीच्या माथ्यावर म्हशी ठेवतात, आणि खालच्या खोऱ्यात कुणबी. एकाच डोंगरावर दोन जाती वेगवेगळ्या उंचीवर वेगवेगळी साधनं वापरतात आणि त्यामुळे एकमेकींच्या वाटेत येत नाहीत, अशी मांडणी. हा लेख जातीकडे बघायची नजर बदलतो. तो वाचून झाल्यावर ‘धनगर म्हणजे मेंढपाळ’ हे वाक्य तुम्ही प्रकल्पात लिहिणार नाही.

मल्होत्रांनी धनगरांच्या अंतर्विवाही गटांवर जैविक मानवशास्त्राच्या अंगानेही काम केलं, आणि त्याची पार्श्वभूमी इरावती कर्वे आणि गो. स. घुर्ये यांच्या वादात आहे. घुर्ये मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे दीर्घकाळ प्रमुख. विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला, घुर्ये १९२४ मध्ये आले. कर्वे त्यांच्याच विद्यार्थिनी, पुढे पुण्यात डेक्कन कॉलेजला. घुर्ये यांच्या मते मूळच्या जाती फुटून पोटजाती झाल्या. कर्वे म्हणाल्या, उलट. वेगवेगळे गट एकाच व्यवसायामुळे एका नावाखाली आले, ते कधी एक नव्हतेच. ‘हिंदू सोसायटी : अ‍ॅन इंटरप्रिटेशन’ हे १९६१ चं पुस्तक त्यासाठी बघा. आणि मग परत आपल्या हटकरांकडे या. वेगळी नोंद करणारे रसेल आणि पोटभेदांत घालणारे एन्थोव्हेन यांच्यातला फरक आता नुसता कारकुनी राहत नाही. नात्यांसाठी कर्वे यांचाच १९५३ चा ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’. मामाची मुलगी चालते आणि आत्याची मुलगी बहुतेक ठिकाणी चालत नाही, याचा भूगोल त्यात आहे. मराठीत ‘मराठी लोकांची संस्कृती’ आहेच.

जातीच्या व्याख्येसाठी फार जाड काही वाचायचं नसेल तर डॉ. आंबेडकरांचा कोलंबिया विद्यापीठातला निबंध वाचा. ९ मे १९१६ ला गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी तो सादर केला. अंतर्विवाह हेच जातीचं मर्म, आणि ती टिकवण्याचं ओझं स्त्रियांवर कसं पडतं, हे त्यात पंचविशीतल्या माणसाने मांडलं आहे. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या लेखन आणि भाषणांच्या पहिल्या खंडात तो मिळतो, आणि खंड संकेतस्थळावर फुकट आहेत.

गावाच्या संदर्भात दोन जुनी कामं. त्रिं. ना. आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा. वतनदार, बलुतेदार, फिरस्ते यांचा इतका बारीक तपशील पुन्हा कोणी दिला नाही. पण लेखक महसूल खात्यातला माणूस आहे, आणि फिरत्या लोकांविषयी त्याचा सूर करडा आहे. चाळणी इथेही लागते. दुसरं हॅरोल्ड मान यांचं. पुण्याच्या शेतकी कॉलेजातले हे रसायनशास्त्रज्ञ १९१७ मध्ये एका गावाची शेत न् शेत, घर न् घर पाहणी छापतात. १७७१ मध्ये सरासरी ४० एकर असलेली जमीन १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आल्याचं ते दाखवतात. गाव कोणतं, तर पिंपळे सौदागर. आज तिथे संगणक कंपन्यांतल्या नोकरदारांचे मनोरे आहेत. तुमचा धनगरांशी संबंध नसलेला कोणी मित्र विषय शोधत असेल तर त्याला हे सांगा.

बायका कुठे आहेत, असा प्रश्न इथवर तुम्हाला पडला असेल. गॅझेटियरमध्ये त्या लुगड्याच्या आणि दागिन्यांच्या वर्णनात आहेत. त्यांचा स्वतःचा आवाज ऐकायचा तर जात्यावरच्या ओव्यांकडे जा. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांचं विषयवार वर्गीकरण केलं, आणि २०१७ पासून ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर त्या आवाजासकट ऐकायला मिळतात. गाव, गाणारी, जात, विषय अशी माहिती त्यात दिलेली असते. माहेर, भाऊ, दुष्काळ, आंबेडकर, पंढरी, नवऱ्याचा मार असे विषय. जगातल्या फार थोड्या भाषांकडे असलं साधन आहे, आणि मराठी समाजशास्त्राच्या प्रबंधांत त्याचा वापर अगदी तुरळक. सावध एवढंच राहा की ओवी हा परंपरेचा साचा असतो. गाणारीच्या आयुष्याचा दाखला म्हणून ती सरळ वापरता येत नाही. दोन-तीन गावांतल्या एकाच विषयावरच्या ओव्या घेऊन साचा कुठे वाकवला आहे ते बघायचं.

आणखी एक साधन कुठल्याच संदर्भसूचीत नसतं. समाजाच्या संघटनांनी काढलेले वधू-वर परिचय मेळाव्यांचे अंक, स्मरणिका, जयंतीचे विशेषांक. ‘पोटजात’ या रकान्यात लोक काय लिहितात, ‘पोटजातीची अट नाही’ असं कोण लिहितं, नोकरी आणि गाव कोणतं, हे सगळं छापलेलं असतं. पाच-सात वर्षांचे अंक मिळाले तर अंतर्विवाहाची चौकट कुठे सैल होते आहे ते डोळ्यांसमोर येतं. माणसांची नावं मात्र प्रकल्पात घालू नका.

नियतकालिकांचं थोडक्यात. ‘सोशिओलॉजिकल बुलेटिन’ १९५२ पासून भारतीय समाजशास्त्र परिषदेचं. ‘काँट्रिब्यूशन्स टू इंडियन सोशिओलॉजी’ द्यूमाँ आणि पोकॉक यांनी १९५७ मध्ये सुरू केलेलं. ‘मॅन इन इंडिया’ शरच्चंद्र रॉय यांनी १९२१ मध्ये रांचीहून काढलेलं. आणि ‘ईपीडब्ल्यू’, म्हणजे ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’, सगळ्यांना माहीत आहे. सरकारी विद्यापीठांना जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून हजारो नियतकालिकं खुली झाली आहेत. बाहेरून बसलेल्या विद्यार्थ्यांना लॉगिन मिळतं का हे विद्यापीठाच्या ग्रंथपालांना लेखी विचारा. तोंडी विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं. नाहीच मिळालं तर जेस्टोर या नियतकालिकांच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून दरमहा काही लेख फुकट वाचता येतात. मराठीत ‘समाज प्रबोधन पत्रिका’ आणि वाईचं ‘नवभारत’ यांचे जुने अंक चाळा. पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणाऱ्या ‘आंतरराष्ट्रीय’ मासिकांतलं काही उद्धृत करू नका.

शोधगंगा या पीएच.डी. प्रबंधांच्या संकेतस्थळावर धनगरांवरचे प्रबंध मिळतील. दर्जा फार वरखाली आहे. निष्कर्षांपेक्षा त्यांच्या प्रश्नावल्या आणि संदर्भसूची उपयोगाच्या. संगणकाला (एआयला) प्रश्न विचारून मिळालेले संदर्भ तर ग्रंथालयाच्या सूचीत प्रत्यक्ष दिसेपर्यंत वहीत उतरवायचे नाहीत. नसलेली पुस्तकं, नसलेली पानं तो फार आत्मविश्वासाने सांगतो.

पुण्याला एक फेरी मारता आली तर तीन ठिकाणी जा. गोखले इन्स्टिट्यूटचं ग्रंथालय. जुन्या सरकारी अहवालांचा मोठा साठा त्यांनी संकेतस्थळावर घातला आहे, म्हणून आधी घरून बघा आणि न सापडलेलंच तिथे मागा. डेक्कन कॉलेज, कर्वे यांच्या परंपरेमुळे. आणि आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, जिथे राज्यातल्या जमातींवरचे अहवाल आणि संग्रहालय आहे. धनगर तिथे थेट सापडणार नाहीत, पण जमात कशी ठरवतात हे समजायला ती जागा चांगली. मुंबईला जाणं झालं तर कलिनाचं मुंबई विद्यापीठ आणि देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था. एशियाटिक सोसायटीत जायचं ते एखादा दुर्मीळ खंड हवाच असेल तर.

टिपणं काढताना प्रत्येक साधनासाठी एक पान ठेवा आणि वर पाच गोष्टी लिहा: कोणी लिहिलं, कधी, कोणत्या भागातलं, माहिती कोणाकडून घेतली, कोणासाठी लिहिलं. शेवटच्या दोन बहुधा कोऱ्या राहतील. कोऱ्याच राहू द्या, अंदाजाने भरू नका.

नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांची तयारी वेगळी चीज आहे. तिला इग्नूची पुस्तकं आणि जुने पेपर पुरतात; इग्नूच्याच ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर ती फुकट आहेत. प्रकल्पाचं वाचन आणि त्या परीक्षेचं वाचन एकाच वेळापत्रकात कोंबू नका.

शेवटी वाडीवर जाण्याचं. फिरते मेंढपाळ पावसाळ्यात आपल्या गावाकडे असतात आणि साधारण दिवाळीच्या पुढे-मागे कळप घेऊन बाहेर पडतात. पश्चिम महाराष्ट्रातले पुष्कळ कोकणात उतरतात, बीडकडचे कुठे जातात ते तुम्हीच विचारून नोंदवा. वाचन दिवाळीनंतर करता येतं, मुलाखती नाही. म्हणून वरचा क्रम तुमच्यापुरता थोडा उलटा करा. आता विश्वकोश, सिराज उल हसन आणि गाडगीळ-मल्होत्रांचा लेख एवढंच वाचून वाडीवर जा, म्हाताऱ्या माणसांशी बोला, कळपाच्या वाटेचा नकाशा त्यांच्याकडून जमिनीवर काढून घ्या. सोन्थायमर आणि कर्वे कळप गेल्यावर वाचायला आहेतच. प्रकल्प कोणत्या महिन्यात जमा करायचा ते मार्गदर्शकांशी याच आठवड्यात बोलून घ्या.